उन्हाळ्यात गर्भधारणा खरंच 'निम्मी' होते का? हो-नाही आकडेवारीतल्या स्थिर परिणामांचा अर्थ

मागच्या व्याख्यानात आपण वळूंचं पैदासमूल्य कसं काढतात ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. वळूंच्या यादीच्या वर, त्याच तक्त्यात, ऋतू, वेत, गाव, रेतन करणारी व्यक्ती अशा नावांसमोर काही आकडे छापलेले असतात. कुठे उणे ०.७, कुठे अधिक ०.३. ते आकडे वाचायचे कसे? त्यांना आपण स्थिर परिणाम म्हणतो, इंग्रजी पुस्तकांत 'फिक्स्ड इफेक्ट'. आजचं व्याख्यान त्यांच्यावरच आहे.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करू. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दूध संस्थेच्या गायींच्या कृत्रिम रेतनाच्या नोंदी तपासल्या. प्रत्येक नोंदीत शेवटी एकच उत्तर होतं: गाय गाभण राहिली किंवा उलटली. एक किंवा शून्य. मॉडेल बसवलं, उन्हाळ्यासमोर उणे ०.७ आलं. त्याचं ऑड्सचं गुणोत्तर काढलं तर ०.५. आम्ही सभेत उभं राहून सांगितलं, "उन्हाळ्यात गाभण राहण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं." लोकांनी ते ऐकलं, आणि अनेकांनी तीन महिने रेतनच बंद ठेवलं. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. तीन महिन्यांत चार माज वाया गेले. पुढच्या वर्षी त्या गायी उशिरा व्यायल्या आणि भाकड काळाचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडला. गणित चुकलं नव्हतं. चुकलं ते आम्ही केलेलं वाचन.

ते नेमकं कुठे चुकलं, हे आपण आता पायरीपायरीने पाहू.

ऑड्स म्हणजे शक्यता नव्हे

दहा गायी भरवल्या, पाच गाभण राहिल्या, पाच उलटल्या. शक्यता ५० टक्के. ऑड्स मात्र 'पाचास पाच', म्हणजे १. आता दुसरं उदाहरण. तीन गायींपैकी एक गाभण राहिली, दोन उलटल्या. ऑड्स 'एकास दोन', म्हणजे अर्धा. शक्यता किती? तीनात एक, म्हणजे ३३ टक्के.

बघा हं. ऑड्स एकवरून अर्ध्यावर आला, म्हणजे बरोबर निम्मा झाला. पण शक्यता ५० वरून ३३ वर आली. २५ वर नाही आली. आम्ही 'ऑड्स निम्मा' याचं भाषांतर 'गर्भधारणा निम्मी' असं केलं. पहिली चूक ही.

लॉजिट मॉडेलमधला आकडा हा ऑड्सच्या लॉगरिदममधला फरक असतो. उणे ०.७ चं घातांकी रूप साधारण ०.५, म्हणून ऑड्सचं गुणोत्तर ०.५. जेव्हा घटना फार विरळ असते, समजा शंभरात एक-दोन, तेव्हा ऑड्स आणि शक्यता जवळजवळ सारखेच असतात आणि ही गल्लत खपून जाते. वासरू जन्मतः मेलेलं असणं किंवा एखादा विरळ दोष अशा गुणधर्मांत ती फारशी नडत नाही. गर्भधारणा मात्र विरळ घटना नाही. तिथे ही गल्लत महागात पडते.

एकच आकडा, तीन गोठे

आता तीन गोठे कल्पनेत घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या नोंदवहीतले नाहीत. पहिला गोठा उत्तम: चारा-पाणी वेळेवर, माज नीट ओळखला जातो. दुसरा मध्यम. तिसरा बेताचा. हिवाळ्यात लॉजिटच्या मापावर पहिला अधिक १.५ वर, दुसरा शून्यावर, तिसरा उणे १.५ वर. तिघांनाही उन्हाळ्याचा तोच परिणाम लावू: उणे ०.७.

पहिल्या गोठ्यात शक्यता ८२ टक्क्यांवरून ६९ वर येते. १३ टक्के-अंकांची घट.

दुसऱ्यात ५० वरून ३३ वर. १७ टक्के-अंकांची घट.

तिसऱ्यात १८ वरून १० वर. ८ टक्के-अंकांची घट.

आकडा एकच, उणे ०.७, पण त्याचा व्यवहारातला अर्थ प्रत्येक गोठ्यात वेगळा. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: "उन्हाळ्याचा परिणाम किती?" या प्रश्नाला टक्क्यांत एकच उत्तर नसतं. कुठून सुरुवात केली ते सांगितल्याशिवाय टक्के सांगता येत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. कोणी फक्त टक्के पाहिले तर म्हणेल, "बेताच्या गोठ्याला उन्हाळा कमी बाधतो, तिथे घट फक्त ८ आहे. तिथल्या गायी काटक असणार." पण आपण तर तिघांना एकच परिणाम लावला होता! ही काटकता नाही. मुळात १८ टक्केच असतील तर घसरायला जागा तरी किती? मोजमापाच्या पट्टीमुळे दिसणारा फरक जनावराच्या गुणाच्या नावावर खपवायचा नाही. टक्क्यांवर दिसणारी परस्परक्रिया लॉजिटवर नाहीशी होऊ शकते, आणि उलटंही होऊ शकतं. म्हणून परस्परक्रियेबद्दल बोलताना कुठल्या मापावर बोलतो आहोत ते आधी सांगायचं.

उंबरठा

ही पट्टी आली कुठून? त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९३४ मध्ये सिवॉल राइट यांनी गिनीपिगच्या बोटांवर एक शोधनिबंध लिहिला. गिनीपिगच्या मागच्या पायाला एरवी तीन बोटं असतात, पण काही पिलांना चौथं बोट येत होतं. बोट आहे किंवा नाही, असा हो-नाही गुणधर्म. पण त्याचा वारसा एका जनुकाच्या साध्या हिशेबात बसत नव्हता. राइट यांनी असं मांडलं की बोटाच्या मागे एक न दिसणारं, सलग बदलणारं प्रमाण आहे. अनेक जनुकं आणि परिस्थिती मिळून ते ठरतं. ते एका उंबरठ्यापलीकडे गेलं की बोट येतं, अलीकडे राहिलं की येत नाही.

त्या न दिसणाऱ्या प्रमाणाला आपण 'कल' म्हणू. गायीचा गाभण राहण्याकडे कल. वळूचा वाटा, गायीचा स्वतःचा वाटा, गोठा, ऋतू, वेत, सगळ्यांची बेरीज या कलात होते. बेरीज उंबरठ्याच्या वर गेली की नोंदवहीत १, नाही तर ०. १९८० च्या दशकात जानोला आणि फूले यांनी हीच कल्पना हेंडरसन यांच्या मिश्र मॉडेलच्या चौकटीत बसवली. आज आपण वापरतो ती उंबरठा-मॉडेलं तिथून आली.

म्हणजे उणे ०.७ हा कलातला फरक आहे. तो टक्क्यांत नाही, दिवसांत नाही, लिटरमध्येही नाही. मग एकक काय? इथे गंमत आहे. कल कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याचं एकक आपणच ठरवतो. प्रॉबिट मॉडेलमध्ये सगळी कारणं वजा केल्यावर उरलेल्या चढउताराचा व्हेरिअन्स १ धरतात. लॉजिटमध्ये तो पायचा वर्ग भागिले ३, म्हणजे सुमारे ३.२९ असतो. म्हणूनच एकाच नोंदींवर लॉजिटचे आकडे प्रॉबिटच्या दीडपट ते पावणेदोनपटीच्या आसपास मोठे दिसतात. परिणाम वाढलेला नसतो, फक्त गज बदललेला असतो.

गोठा मॉडेलमध्ये घेतला आणि उन्हाळा 'वाढला'?

आता आमची दुसरी चूक. वरच्या तीन गोठ्यांत सारख्याच संख्येने गायी आहेत असं समजा. संस्थेची एकूण सरासरी काढू. हिवाळ्यात ८२, ५० आणि १८, सरासरी ५०. उन्हाळ्यात ६९, ३३ आणि १०, सरासरी साधारण ३७. आता या सरासऱ्यांवरून ऑड्सचं गुणोत्तर काढा. ५० टक्क्यांचा ऑड्स १, ३७ टक्क्यांचा साधारण ०.६. म्हणजे गुणोत्तर ०.६.

प्रत्येक गोठ्यात गुणोत्तर ०.५ आणि सगळे एकत्र केले की ०.६! कुठला गोठा उन्हाळ्यात जास्त, कुठला कमी, असा काही गोंधळ इथे नाही. गायी सारख्याच वाटलेल्या आहेत. तरीही फरक पडतो, कारण लॉजिट ते टक्के हा रस्ता वळणाचा आहे. वळणाच्या रस्त्यावर आधी सरासरी काढून मग वळणं आणि आधी वळून मग सरासरी काढणं, यांत फरक पडतो.

कॉम्प्युटरवर हे असं दिसतं. फक्त ऋतू घालून मॉडेल बसवलं तर उन्हाळ्यासमोर साधारण उणे ०.५२ येतं. गोठाही मॉडेलमध्ये घेतला की उणे ०.७ येतं. नवखा अभ्यासक लगेच म्हणतो, "गोठ्याचा परिणाम दूर केल्यावर उन्हाळ्याचा खरा परिणाम उघड झाला." तसं नाही. गोठ्यांमधला फरक आधी 'उरलेल्या चढउतारात' होता. तो तिथून काढून घेतला, उरलेला चढउतार कमी झाला, पण मॉडेल त्याला पूर्वीचंच माप देतं. गज आखूड झाला की तेच कापड जास्त गज भरतं.

प्रॉबिटमध्ये याचं सूत्र अगदी सुटसुटीत आहे. यादृच्छिक परिणामांचा, म्हणजे वळू, गाय, गोठा यांचा, मिळून व्हेरिअन्स जितका, त्यात १ मिळवायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने स्थिर परिणामाला भागायचं. हा व्हेरिअन्स १ असेल तर भागाकार १.४१ ने होतो. आतला उणे ०.४२ बाहेर, सगळ्या कळपाच्या पातळीवर, उणे ०.३० होतो. लॉजिटमध्ये सूत्र इतकं नेमकं नाही, पण दिशा तीच.

मग खरा आकडा कुठला? दोन्ही खरे, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. एखादा शेतकरी विचारतो, "माझ्या गोठ्यात ही गाय आत्ता भरवू की पावसाळ्यापर्यंत थांबू?" तर गोठ्याच्या आतला आकडा घ्या आणि त्याच्या गोठ्याच्या पातळीवरून टक्के काढा. संस्थेचा सचिव विचारतो, "उन्हाळ्यात आपल्याकडे एकूण किती गायी गाभण राहतील?" तर सरासरी काढलेला आकडा घ्या. आम्ही सचिवाच्या प्रश्नाला शेतकऱ्याच्या आकड्याने उत्तर दिलं, आणि तेही ऑड्समध्ये. खरं उत्तर होतं, "जिथे १०० पैकी ५० राहतात, तिथे ३७ राहतील." आणि रेतनच केलं नाही तर? शून्य. ३७ आणि शून्य अशी तुलना समोर ठेवली असती तर कोणी रेतन थांबवलं नसतं.

सगळ्याच उलटल्या तर?

आता एक अडचण, जी प्रत्यक्ष नोंदींवर काम करणाऱ्या प्रत्येकाला भेटते. पैदाशीच्या मॉडेलमध्ये गाव, वर्ष आणि ऋतू यांचा एक गट करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे गोठे लहान, एकेका घरी दोन-चार गायी. त्यामुळे एखाद्या गटात चारच नोंदी असतात आणि चारही गायी उलटलेल्या असतात. हा गट स्थिर परिणाम म्हणून घेतला तर त्याचा अंदाज उणे अनंताकडे धावत सुटतो, कारण शून्य टक्क्यांचा लॉजिट सांगताच येत नाही. कॉम्प्युटर कुठेतरी दमतो आणि उणे १२, उणे १५ असा काहीतरी आकडा छापतो. शेजारी प्रमाण त्रुटी शेकड्यांत.

असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ लावत बसू नका. "या गावात भयंकर परिस्थिती आहे" असं तो सांगत नाही. तो एवढंच सांगतो की इथे नोंदी थोड्या आहेत आणि सगळ्या एकाच बाजूच्या आहेत. अशा गटातून वळूंच्या तुलनेसाठीही काही माहिती मिळत नाही.

म्हणून लहान गट यादृच्छिक परिणाम म्हणून घेतात. मग चार गायींचा गट सरासरीकडे ओढला जातो, आणि ते शहाणपणाचं आहे. पण याची किंमतही असते. चांगल्या वळूंचं वीर्य चांगल्या गोठ्यांतच जास्त वापरलं जात असेल, तर गट यादृच्छिक घेतल्यावर गोठ्याच्या चांगुलपणाचा थोडा भाग वळूच्या खात्यात जमा होतो. म्हणजे हा निव्वळ तांत्रिक निर्णय नाही. वीर्याचं वाटप कसं होतं, हे माहीत असलेल्या माणसाला विचारून तो घ्यायचा.

आकड्यामागचा माणूस

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: "रेतन करणाऱ्या व्यक्तीचा परिणाम काढून कोण चांगला, कोण वाईट, अशी यादी लावावी का?"

सावकाश जाऊ या. पहिली गोष्ट, तक्त्यातला प्रत्येक स्थिर परिणाम हा कुणाच्या तरी तुलनेत असतो. कॉम्प्युटर एक पातळी शून्य धरतो, बऱ्याचदा निव्वळ अकारविल्हे पहिली. यादीत ज्याच्यासमोर उणे ०.४ आहे तो वाईट नाही, तो 'पहिल्या नावापेक्षा' कमी आहे. पहिलं नाव सगळ्यांत कुशल माणसाचं निघालं तर बाकी सगळे उणे दिसतील.

दुसरी गोष्ट, कुणाला कुठली गावं मिळाली? जो माणूस दूरच्या वस्त्यांवर जातो, त्याला निरोप उशिरा मिळतो, आणि तो पोहोचेपर्यंत माजाची योग्य वेळ टळलेली असते. त्याच्या गावात दुसरं कुणी रेतन करतच नसेल, तर गाव आणि माणूस वेगळे करणं कुठल्याही मॉडेलला जमणार नाही. तिसरी गोष्ट, ज्याच्या नावावर बाराच रेतनं आहेत त्याचा आकडा नशिबावर हेलकावतो. यादी लावायचीच असेल तर व्यक्ती यादृच्छिक परिणाम म्हणून घ्या, म्हणजे थोड्या नोंदींचा माणूस सरासरीच्या जवळ राहील. कुणाच्या पोटावर पाय येणार असेल तर निदान हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय यादी भिंतीवर लावू नका.

वेताचंही असंच आहे. पाचव्या वेताच्या गायी पहिलारू गायींपेक्षा सरस दिसल्या, तर "वय वाढलं की गर्भधारणा सुधारते" असं म्हणण्याआधी विचार करा. ज्या गायी वारंवार उलटत होत्या त्या पाचव्या वेतापर्यंत गोठ्यात राहिल्याच कुठे? त्या आधीच विकल्या गेल्या.

याउलट जिथे स्थिर परिणामाचा अर्थ बराच स्वच्छ लागतो, असं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीतलं फेकबी जनुक दख्खनी मेंढीत आणलं. या जनुकाची एक प्रत असली तरी जुळी होण्याचं प्रमाण वाढतं. एक कोकरू की जुळी, हा हो-नाही गुणधर्म, आणि 'प्रत आहे की नाही' हा स्थिर परिणाम. प्रत मिळणं हे आईबापांकडून होणारं वाटप आहे, मेंढपाळाने निवडलेली सोय नाही. एकाच कळपातल्या सख्ख्या-सावत्र बहिणींची तुलना केली तर अर्थ बराच नितळ मिळतो. पण तिथेही टक्के कळपावर अवलंबून राहतात. चांगल्या चाऱ्यावरच्या कळपात आणि दुष्काळी माळावरच्या कळपात एकाच लॉजिट आकड्यातून जुळ्यांची वाढ वेगवेगळी निघेल. जुळ्यांना दूध पुरवायचं ते त्या मेंढपाळालाच, म्हणून त्याला त्याच्या कळपाचे टक्के सांगायला हवेत.

मग सांगायचं कसं?

आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. लॉजिटचा आकडा सभेत वाचून दाखवत नाही. आधी सुरुवातीची पातळी सांगतो, मग "१०० पैकी किती" अशा भाषेत दोन्ही ऋतू शेजारी ठेवतो. बेताचा, मध्यम आणि उत्तम अशा तीन गोठ्यांसाठी वेगवेगळं सांगतो, आणि संस्थेची सरासरी हवी असेल तर प्रत्येक गोठ्याचे टक्के काढून मग सरासरी करतो. अनिश्चितताही सांगतो. उणे ०.७ ची प्रमाण त्रुटी ०.२ असेल, तर दोन्हीकडे साधारण दुप्पट घेऊन उणे १.१ ते उणे ०.३ ही मर्यादा मिळते. या टोकांचे टक्के करायचे, त्रुटीचे नाही. मध्यम गोठ्यात मग उत्तर येतं: ३३ टक्के, २५ ते ४३ च्या दरम्यान.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, शून्य आणि एकवर सरळ रेषीय मॉडेल बसवा, आकडा थेट टक्के-अंकांतच मिळतो. खरं आहे. प्रमाण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर वळूंचा क्रम दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखाच येतो, आणि बऱ्याच देशांत अजूनही प्रजननाच्या गुणधर्मांसाठी रेषीय मॉडेल वापरतात. फक्त तिथे 'सगळीकडे सारखीच घट' असं गृहीत असतं, आणि १० टक्क्यांच्या गोठ्यात १७ वजा करायला गेलात तर उत्तर शून्याखाली जातं. सोय घ्या, पण तिची हद्द लक्षात ठेवा.

त्या संस्थेत आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मागच्या वर्षीचं वाक्य चुकीचं होतं हे आधी सांगितलं. मग फळ्यावर तीन गोठे काढले, आणि उन्हाळ्यात १०० पैकी किती गायी राहतील ते प्रत्येकाखाली लिहिलं. एका वयस्कर शेतकऱ्याने विचारलं, "म्हणजे थांबायचं नाही, सावली-पाणी बघायचं आणि माज चुकवायचा नाही, असंच ना?" हो, असंच. आम्ही पहिल्याच वर्षी उणे ०.७ चा अर्थ नीट सांगितला असता, तर तो याहून वेगळा नव्हता.

पुढच्या व्याख्यानात 'सुलभ, अवघड, अतिअवघड' असे एकापेक्षा जास्त उंबरठे असलेले प्रसूतीचे गुणधर्म घेऊ. तोपर्यंत आपापल्या तक्त्यांतला एक तरी स्थिर परिणाम "१०० पैकी किती" या भाषेत लिहून पाहा.